मध्यंतराआधी मरणारे सर

सोलापूर शहर व परिसरातील तमाम नाट्यरसिकांना, तसेच होटगीपासून मोडनिंबापर्यंत आमचे प्रयोग निमूटपणे सोसलेल्या जनतेला अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे ज्येष्ठ नट, भूगोलाचे निवृत्त शिक्षक आणि आम्हां सर्वांचे ‘सर’ हे वीसेक वर्षे प्रत्येक नाटकात मध्यंतराआधीच का मरत होते, याचे खरे कारण आज जाहीर करण्यात येत आहे. कारण कलेचे नव्हते. कारण पोटाचे होते. सदर माहिती उघड करण्याची परवानगी सरांनी हयातीतच दिली होती. एवढेच नव्हे, तर ‘नीट रंगवून सांग, नाहीतर सांगू नकोस’ अशी अटही घातली होती.

घोषणा संपली. आता अट पाळतो.

सर मरायचे फार सुंदर. ऐतिहासिक नाटकातला निष्ठावंत प्रधान, सामाजिक नाटकातले हृदयविकाराचे वडील, रहस्यनाटकातला पहिला खून, या सगळ्या जागा सरांच्या नावावर लागलेल्या होत्या. नव्या नाटकाचं वाचन झालं की बाकीचे नट आपली वाक्यं किती ते बघायचे. सर चष्मा पुसत एवढंच विचारायचे, “मी मरतो कधी?” दिग्दर्शकानं दुसऱ्या अंकात म्हटलं, की चष्मा पुन्हा डोळ्यांवर जायचा आणि सर म्हणायचे, “मग दुसरं कुणी बघा की.”

बरं, मरायचे तेही रंगमंचावर नाही. रंगमंचावर मेलं की पडदा पडेपर्यंत पडून राहावं लागतं, आणि ते सरांना मंजूर नव्हतं. घाव लागला की ते डुलत डुलत विंगेत जायचे आणि आतून एकच किंकाळी यायची. अंगावर काटा यायचा. “मरण दाखवायचं नसतं, ऐकवायचं असतं,” हे सरांचं पहिलं वचन. “नटानं मध्यंतराआधी मरावं, म्हणजे लोक दुसऱ्या अंकात त्याला शोधतात,” हे दुसरं. आम्ही पोरंटोरं ही वचनं चहाच्या टपरीवर एकमेकांना ऐकवायचो. एका स्थानिक पत्रकारानं तर त्यांच्या संयत मृत्यूंवर अर्धं पान लिहिलं होतं. सरांनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि घाईघाईनं आत निघून गेले. आम्हाला वाटलं, गहिवर आवरायला गेले.

मध्यंतर झालं की सर रिक्षातून घरी. सोबत काकू, म्हणजे सरांच्या पत्नी. काकू अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि आवाज दोन्हीकडे सारखाच, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. त्यांना कुजबुजता येतच नसे. पहिल्या रांगेत, बाजूच्या दारालगतच्या खुर्चीत त्या मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसायच्या, आणि सर मेले की पिशवी उचलून विंगेच्या मागच्या दाराशी जायच्या. काकूंनी आमची झाडून सगळी नाटकं पाहिली. पण एकाचाही शेवट त्यांना ठाऊक नव्हता. एकदा मी विचारलं, काकू, पुढं काय होतं याची उत्सुकता नाही वाटत? त्या म्हणाल्या, “मालकच मेल्यावर मी काय बघत बसू तिथं?”

नाटक संपल्यावर सगळे नट हात धरून रांगेत उभे राहतात, वाकून नमस्कार करतात आणि टाळ्या घेतात. त्या रांगेत सर कधीच नसायचे. टाळ्या वाजत तेव्हा ते घरी मऊ भात खात असत.

आता माझं सांगतो, म्हणजे सरांचंच सांगतो. मी या संस्थेचा नायक. वीसेक वर्षं राजा मी, प्रियकर मी, तत्त्वनिष्ठ वकीलही मीच. माझ्या कलेबद्दल जाणकारांचं मत मला ठाऊक आहे, ते इथं सांगण्याची गरज नाही. पण हे नायकपण माझ्याकडे आलं कसं? सर संस्थेत नवे आले तेव्हा पहिल्याच नाटकात त्यांना नायक केलं होतं. महिनाभर तालमी झाल्या, आणि प्रयोग तोंडावर आला असताना त्यांनी शांतपणे सांगितलं की ही भूमिका त्यांना झेपणार नाही, त्यापेक्षा प्रधानाची द्या. प्रधान मी होतो. अदलाबदल झाली. तेव्हापासून मी जो राजा झालो तो कायमचा. थोडक्यात, माझ्या रंगभूमीवरच्या साम्राज्याचा पाया सरांच्या आतड्यांनी घातला.

पण तालमीत मात्र सर मला माझी भूमिका करून दाखवायचे. तालमीची खोली एका शाळेत होती आणि संडास शेजारीच, हे त्यातलं मर्म मला पुष्कळ उशिरा कळलं. सर खुर्चीवर बसल्या बसल्या राजाची तीन पानांची स्वगतं म्हणायचे. हात हलायचा नाही, आवाज चढायचा नाही, आणि समोरची उन्हात तापलेली शाळेची भिंत दरबार वाटायला लागायची. मग ते उठून म्हणायचे, “असं. पण तू तुझ्या पद्धतीनं कर.” मी माझ्या पद्धतीनं करायचो. तालमीत आम्ही सहा-सात जणांनी जे पाहिलं ते सोलापूरनं कधीच पाहिलं नाही, ही गोष्ट आजही मला टोचते. माझ्या वाट्याच्या टाळ्या घेतानासुद्धा टोचायची. टाळ्या थोड्या असायच्या हा भाग वेगळा.

सरांचे बाकीचे विक्षिप्तपणे सगळ्यांना पाठ होते. ते दाराजवळच बसायचे, लग्नात, सभेत, अगदी मयतालासुद्धा. घराबाहेर पडण्याआधी काही खायचे नाहीत. कुणी चहा पुढे केला तर हात जोडायचे. बोलता बोलता वाक्य अर्धवट टाकून चालू लागायचे. ‘कलावंताला एक्झिट कळली पाहिजे’ हे तिसरं वचन त्याच पाठमोऱ्या अवस्थेत उच्चारलेलं. एसटीत ते पाय ठेवत नसत. अक्कलकोटला प्रयोग असला की आम्ही टेम्पोतून जायचो आणि सर आगगाडीनं. तिथलं स्टेशन गावापासून चांगलंच लांब. तिथून ते कसे यायचे देव जाणे, पण वेळेवर यायचे, मरायचे आणि परत जायचे. एकुलती एक मुलगी मोडनिंबला दिलेली. तिच्या घरी सर मुक्कामाला म्हणून कधी गेले नव्हते. लोक म्हणायचे, काय हा माणूस, लई शिष्ट हाय. जावयाचंही तेच मत होतं.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. होटगीला प्रयोग होता. पहिल्या अंकाच्या शेवटी मी तलवार उपसून येणार आणि प्रधानाला, म्हणजे सरांना, ठार करणार. ऐन वेळी माझी मिशी एका बाजूनं सुटली. मी विंगेत गोंद शोधतोय आणि सर बाहेर एकटे. त्यांनी दोन वाक्यं जास्तीची घेतली. तिसरं घेतलं. मग मला त्यांच्या कपाळावर घाम दिसला. एकाएकी सरांनी पोट धरलं, “सरबत... त्या सरबतात विष होतं!” असं म्हणाले आणि तीरासारखे विंगेत शिरून, मला ढकलून, पलीकडे नाहीसे झाले. किंकाळी आली ती फार लांबून. मी तलवार घेऊन रंगमंचावर गेलो तर मारायला कुणीच नाही. काय बोलणार? मी म्हणालो, “विष मीच घातलं होतं.” लोकांनी टाळ्या पिटल्या. पुढचे सगळे प्रयोग आम्ही विषावरच केले. आणि पोट धरतानाचा सरांचा तो अभिनय कसा जिवंत होता, याबद्दल आमचे दिग्दर्शक नव्या मुलांना व्याख्यान द्यायचे.

खरी गोष्ट बाहेर आली ती सर निवृत्त झाल्यावर. वजन फार उतरलं, म्हणून मोडनिंबची मुलगी हट्टानं त्यांना एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. पोटाच्याच डॉक्टर, वयानं सरांच्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्या भेटीचा प्रयोग सरांनी पुढे आम्हाला तालमीच्या खोलीत करून दाखवला. डॉक्टर तेच, रोगी तेच, काकूही तेच; आणि खऱ्या काकू शेजारी बसून चुका काढत होत्या.

सरांना दिवसातून किती वेळा पळावं लागे याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. सकाळी उठल्याबरोबर, जेवणावरून उठल्याबरोबर, तेलकट पोटात गेलं तर ताटावरूनच. पाण्यासारखं, आणि थांबवून धरता न येणारं. वीस वर्षांत सगळं झालं होतं. जंताची औषधं, आवेची औषधं, बेलाचा मुरांबा, डाळिंबाची साल, ताकात जायफळ. शेवटी सगळ्यांनी एकमतानं सांगितलं की आतडी चिडकी आहेत, मनाचा ताण आहे, नाटकं बंद करा. सरांनी ताण बंद केला, नाटकं नाही.

प्रत्येक डॉक्टर दोन प्रश्न विचारायचा. ऑपरेशन झालंय का? सर छाती काढून सांगायचे, अंगाला सुरी लागलेली नाही. दुर्बीण झालीय का? झालीय की, सोलापुरातच झाली, सगळं व्यवस्थित. डॉक्टरला वाटायचं, आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली आणि त्यात काही निघालं नाही. तो पुढच्या गोळ्या लिहायचा.

या बाईंनी मात्र सरांना आडवं झोपायला सांगितलं आणि सदरा वर केला. पोटावर चार बारीक व्रण. हे कशाचे म्हणून विचारलं. सर म्हणाले, दुर्बिणीचे.

“दुर्बीण तोंडातून घालतात, नाहीतर खालून,” बाई म्हणाल्या. “पोटाला भोकं कशाला पाडली?”

“पित्ताची पिशवी काढली ना, खडे होते म्हणून.”

“मग ऑपरेशन झालं नाही असं का सांगितलंत?”

“ऑपरेशन कुठं? दुर्बिणीतून केलं की.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. वीस वर्षं ‘दुर्बीण’ हा जो शब्द सर अर्ध्या सोलापूरच्या दवाखान्यांतून सांगत फिरले, त्याचा अर्थ सांगणाऱ्याचा एक होता आणि ऐकणाऱ्याचा दुसरा. सरांच्या लेखी ऑपरेशन म्हणजे लांब चिरा, टाके, महिनाभर अंथरूण. दुर्बिणीतून केलं आणि तिसऱ्या दिवशी घरी आलं, ते कसलं ऑपरेशन? आणि पित्ताचं म्हणाल तर पिशवीच काढून टाकल्यावर पित्त राहीलच कसं? ‘पित्त होतं का’ असं विचारणाऱ्याला ते हसून सांगायचे, “माझं पित्त मी केव्हाच काढून टाकलंय.”

त्रास कधीपासून, असं बाईंनी विचारलं. सर आठवू लागले. काकूंना आठवावं लागलं नाही. “पिशवी काढली, त्या दिवाळीपासनं,” त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच दचकल्या. इतकी वर्षं या दोन गोष्टी त्यांच्या मनात वेगवेगळ्या कोनाड्यांत पडून होत्या; शेजारी शेजारी कुणी ठेवल्याच नव्हत्या.

बाईंनी समजावून सांगितलं ते फार सोपं. पित्त तयार होतं यकृतात. पिशवी ही नुसती टाकी. जेवण आलं की टाकी हवं तेवढं सोडते, आणि काम झालं की लहान आतड्याचा शेवटचा भाग ते पित्त परत ओढून घेतो, पुन्हा वापरायला. टाकी काढली की धार दिवसभर चालू राहते. पुष्कळांना त्याचं काही होत नाही. पण काहींची ही परतीची ओढ कमी पडते, उरलेलं पित्त मोठ्या आतड्यात उतरतं, तिथं झोंबतं, पाणी सुटतं आणि माणूस पळतो. ज्या गावात नळाला दररोज पाणी येत नाही, तिथल्या माणसाला टाकीचं महत्त्व काय सांगावं? सर म्हणाले, “म्हणजे अख्ख्या सोलापुरात रोज पाणी येणारा मी एकटाच होतो म्हणा की.”

बाईंनी लगेच औषध दिलं नाही. आधी रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं, खरीखुरी दुर्बीण खालून घालून आतड्याचे बारीक तुकडे तपासायला पाठवले. दुसरं काहीच निघालं नाही. पित्तासाठीची खास तपासणी आपल्याकडे सहज होत नाही, म्हणाल्या; औषध देऊन बघू, लागू पडलं तर तेच निदान. औषध म्हणजे एक पुडी. पाण्यात कालवून जेवणाआधी प्यायची, थोड्यावरून सुरुवात करून हळूहळू वाढवायची. ती आतड्यात पित्ताला धरून ठेवते. मात्र दुसऱ्या औषधालाही धरून ठेवते, म्हणून सरांची रक्तदाबाची गोळी तिच्या तासभर आधी, नाहीतर चार-पाच तासांनी. शेंगाचटणीवर तेल घ्यायचं नाही. पुडीची चव, सरांच्या शब्दांत, नदीच्या वाळूत संत्र्याची गोळी विरघळवल्यासारखी.

आठवड्याभरात सर सकाळी उठले आणि अंथरुणावर बसून राहिले. काकूंना वाटलं बरं वाटत नाही. त्यांनी काय होतंय म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, “काही होत नाहीये.”

त्या महिन्यात ते एसटीनं मोडनिंबला गेले. मधल्या बाकावर बसले, दोन माणसांच्या मध्ये, आणि लेकीकडे चार दिवस राहिले. परतल्यावर तो प्रवास त्यांनी आम्हाला असा सांगितला की चंद्रावर जाऊन आलेल्या माणसानंही एवढं सांगितलं नसतं. हसता हसता मध्येच थांबून म्हणाले, “नातवंडं मोठी झाली रे. मला वाटलं होतं लहानच असतील.”

आम्ही लगेच सभा घेतली. राजा सरांना द्यायचा ठराव मीच मांडला. पहिला अंक, दुसरा अंक, शेवटचं स्वगत, सगळं. सरांनी विचारलं, “म्हणजे मी शेवटच्या रांगेत?” रांगेत नव्हे, रांगेच्या मधोमध, मी म्हणालो. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि स्वतःही प्याले.

पण तालमीत ते जमेना. शाळेची तीच भिंत, तीच खुर्ची, आणि जी स्वगतं ते एकेकाळी न अडखळता म्हणायचे ती चौथ्या ओळीला तुटायची. प्रॉम्प्टरनं शब्द दिला की पुढची ओळ यायची, मागची जायची. घरी काकू पुस्तक धरून त्यांच्याकडून घोकून घ्यायच्या. दिवाळीच्या आसपास एकदा त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे दिली. “आधी पोटात राहत नव्हतं,” म्हणाले, “आता डोक्यात राहत नाही.” आम्ही कुणीच हसलो नाही. हे सरांच्या लक्षात आलं, आणि बहुतेक त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

त्याच सुमारास दिग्दर्शकानं दुसरं नाटक काढलं. त्यात अर्धांगवायू झालेले वडील आहेत. पडदा उघडल्यापासून शेवटपर्यंत खुर्चीत बसून. एक वाक्य नाही. घरातले सगळे भांडतात, रडतात, वाटण्या मागतात आणि वडील नुसते बघतात. ही भूमिका कुणालाच नको होती. सरांनी वाचन संपल्यावर चष्मा पुसत विचारलं, “मी मरतो कधी?”

“मरत नाही, सर,” दिग्दर्शक म्हणाला.

“मग मी करतो.”

ज्या माणसाचा आवाज ऐकायला आम्ही भिंतीकडे टक लावून बसायचो, त्याला नियतीनं पहिल्यांदा पूर्ण नाटक दिलं ते मुक्याचं.

त्याचा एकच प्रयोग झाला. गुडघ्यांवर सोलापुरी चादर, एक हात लुळा, आणि डोळे. मी थोरला मुलगा होतो, नायकच म्हणा. पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं नाही. शेवटी आम्ही रांगेत उभे राहिलो, सर मधोमध. त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि वाकून नमस्कार किती वेळ करायचा हे त्यांना ठाऊक नसल्यामुळे आम्ही सगळे बराच वेळ वाकून राहिलो. चार महिन्यांनी, एका दुपारी जेवून पडले असताना, सर झोपेतच गेले. हृदय बंद पडलं. या वेळी विंगेतून किंकाळी आली नाही.

पण सरांची आठवण निघाली की मला ती रांग दिसत नाही, त्याआधीचं मध्यंतर दिसतं. पडदा पडला, दिवे लागले, आम्ही सगळे वडे खायला पळालो. सर खुर्चीतून उठलेच नाहीत. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, सर, जाऊन येताय का? ते म्हणाले, “कुठं?” आणि चादर नीट करून बसून राहिले.

तिकडे काकूंनी मध्यंतर झाल्याबरोबर सवयीनं पिशवी उचलली होती. आज सर मरायचे नाहीत, हे त्यांना घरी दहादा सांगितलं होतं. पण पाय वीस वर्षांचे शिकलेले. त्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. रिक्षा थांबवली. सर येईनात. रिक्षावाला कुरकुरायला लागला. तिसरी घंटा झाली तशी त्यांचा धीर सुटला. त्या बाजूच्या दारानं अंधारातच आत शिरल्या, आणि नेमका तेव्हाच पडदा वर गेला. आयुष्यात पहिल्यांदा काकूंना दुसरा अंक दिसत होता. रंगमंचावर एकच झोत होता, आणि त्या झोतात सर, खुर्चीत, गुडघ्यांवर चादर घेऊन, जसेच्या तसे.

सगळं सभागृह निःशब्द होतं. अर्धांगवायू झालेल्या वडिलांचे खांदे नंतर कितीतरी वेळ हसून गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समीक्षकानं तोही अभिनयच समजून लिहिलं. कारण त्या शांततेत, दाराशी पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या काकू, या बांधावरून त्या बांधावर पोचेल अशा आवाजात म्हणाल्या होत्या,

“अय्यो, ह्ये अजून जितेच हायत की!”